‘सेटल’ नको, ‘बंद’ पाहिजे

लोटा तांब्याचा होता आणि काळा पडला होता, पण सगळीकडून नाही.

कड, गळा आणि बाहेरचं पोट काळं होतं. आत अजून अर्धा लोटा पाणी होतं. त्या पाण्याच्या रेषेच्या वर तांबं काळं, रेषेखाली मूळचं लालसर. सादियाने रुमालात धरून लोटा उचलला. स्टुलाला टेकलेलं बूड नव्यासारखं चकाकत होतं.

वापरून जुनं झालेलं तांबं असं काळं पडत नाही. पाण्याने पडलं असतं तर आतून पडलं असतं. हे हवेने केलं होतं, आणि जिथे हवा पोचली तिथेच केलं होतं.

“त्यात काय बघून राहिले, मॅडम? आईचा प्यायच्या पाण्याचा लोटा हाय तो.”

वीरेश दारात उभा होता. तिशी ओलांडलेला, नुकतीच आंघोळ झालेला, कपाळावर भस्माच्या तीन ताज्या रेघा. ही खोली त्याच्या आईची, उमादेवींची. श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी त्या याच पलंगावर मृत सापडल्या होत्या. घरावरचं कर्ज त्यांच्या नावे होतं, वीरेश सहकर्जदार होता, आणि कर्जाला उमादेवींच्या जिवाचा विमा जोडलेला होता. दावा मंजूर झाला की उरलेलं सगळं कर्ज विमा कंपनी भरणार होती. तो मंजूर करायचा की नाही हे पाहायला कंपनीने सादियाला लातूरच्या या घरी पाठवलं होतं. शेख सादिया, रसायनशास्त्राची एम. एस्सी.

“खोली कुणी बंद ठेवली होती?”

“अप्पांनी, माझ्या वडलांनी. कुलूप घातलं अन् किल्ली कमरेला लावली. झाडू बी मारू दिला न्हाई. आज तुमच्यासाठी उघडली.”

“त्या रात्री घरात कोण होतं?”

“आई खाली. शिवानी, म्हंजे माझी बायको, वरच्या मजल्यावर. अप्पा बहिणीकडं मुखेडला गेलते.”

“आणि तुम्ही?”

“नांदेडला. सोमवारी संध्याकाळच्या एस्टीनं गेलो. मंगळवारी सकाळी क्लास असतोय माझा. तिथंच फोन आला.”

“कसला क्लास?”

तो जरा अवघडला. “स्कोअरचा. सिबिल सुधारायचा.”

“तुमचा बिघडलाय?”

“पोरांसाठी मेस काढली होती. रिपीटरची, परत परीक्षेला बसणाऱ्यांची. बुडाली. तवापासून बँकेत गेलो की आधी कॉम्प्युटरकडं बघतेत अन् मग माझ्याकडं.”

“मृत्यूचं कारण?”

“हार्ट. शुगर होती, वय होतं. आमच्या डॉक्टरनं लिहून दिलंय.”

“शवविच्छेदन नाही केलं?”

“म्हातारीला कशाला फाडायचं?”

“अंत्यविधी?”

“त्याच दिवशी. अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख मांजरा नदीत सोडली. संपलं. माणूस म्हंजे काय हो मॅडम, मूठभर राख.”

सादियाचं पेन थांबलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला.

“तुम्हाला काही विचारायचंय?”

या जागी सगळे एकच विचारतात: पैसे कधी भरले जातील? वीरेशने ते विचारलं नाही.

“दावा पास झाल्यावर माझ्या रिपोर्टमधी खातं कसं दिसंल? ‘सेटल’ का ‘बंद’?” तो पुढे वाकला. “‘सेटल’ नको, मॅडम. ‘बंद’ पाहिजे.”

*

स्वयंपाकघरात फळीवर तांब्याची भांडी ओळीने उपडी घातली होती. सगळी लखलखीत. शिवानी कणीक मळत होती. ती पंचविशीची, उदगीरकडची. बोलताना हात थांबवत नव्हती.

“ही भांडी कोण घासतं?”

“आता मी. आधी अव्वा घासायच्या, चिंच लावून. सासूबाईंना मी अव्वा म्हणायची. दर सोमवारी पूजेच्या आधी भांडी घासायचा नेम होता त्यांचा.”

“खोलीतला लोटाही?”

“तो बी. त्या सोमवारी माझ्यासमोरच घासला. आरशावानी केला होता.”

“आज काळा आहे.”

“व्हय? मी आत गेलेच न्हाई नंतर.”

“मंगळवारी सकाळी दार तुम्ही उघडलंत?”

“हाव. सात वाजून गेले तरी उठल्या न्हाईत. दार ढकललं तर आतून भपकन वास आला. लसणाचा.” शिवानीने कणकेवर पाणी शिंपडलं. “श्रावणी सोमवार होता आदला दिवस. आमच्यात त्या दिवशी लसूण घरात फुटत न्हाई. मला वाटलं अव्वांनी उपास मोडून गुपचूप लोणचं खाल्लं. खरं सांगते, आधी हसूच आलं मला. मग हात लावून बघितलं.”

“उपास कशाचा होता?”

“ह्यांच्या सिबिलचा.”

सादियाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“लेकाचा स्कोअर वाढू दे म्हणून श्रावणाचे सगळे सोमवार धरले होते. निर्जळी. रात्री घोटभर पाणी तेवढं. काय असतंय स्कोअर ते त्यांना ठावं नव्हतं. म्हणायच्या, बारावीत पोरगं नापास झालं तवा मी काय केलं न्हाई, आता तरी करते.”

“त्या दिवशी खोलीत काही वेगळं होतं?”

“पोती होती. तुरीची. अप्पांचं डाळीचं दुकान हाय ना पुढं, त्याचं गोदाम गळत होतं. म्हणून ह्यांनी चार पोती अव्वांच्या पलंगाखाली सरकवली. जाताना खिडकी बी लावली, डास येतेत म्हणून. कधी स्वतःचा पाण्याचा गिलास उचलत न्हाईत, त्या दिवशी लई माया आली होती.”

“पोती आता कुठे आहेत?”

“नांदेडहून आले की आधी तीच हलवली. मयताला माणसं येणार, जागा पाहिजे म्हणले.”

कणकेचा गोळा झाकून तिने हात धुतले. मग पदराला पुसता पुसता, सहज काही आठवल्यासारखं म्हणाली, “मॅडम, तुमचं काम शुक्रवारच्या आत होतंय का? हे घाई करून राहिले. शुक्रवारी नवीन कर्जावर सही हाय. माझ्या नावावर घेणार. माझा रिपोर्ट कोरा हाय म्हणे. कोऱ्या पाटीवर अक्षर चांगलं उठतं म्हणतेत.”

“त्यालाही विमा जोडलाय?”

“जोडलाय ना.”

“कुणाच्या जिवाचा?”

“माझ्याच.” ती हसली. “मी मस्करीत म्हणलं बी, आता माझा नंबर का? तर हे हसले न्हाईत.”

*

नांदेडात शिकवण्यांच्या गल्लीत, दोन मोठ्या क्लासच्या मधे, रविकिरणचा क्लास होता. बाहेरच्या फ्लेक्सवर हार घातलेले चेहरे होते: ट्रकमालक, ब्यूटी पार्लरवाली, एक निवृत्त तलाठी. प्रत्येकाच्या खाली त्याचा स्कोअर. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमचे गुणवंत’.

“इथं माणसाला मार्कांचीच भाषा कळते, मॅडम,” रविकिरण म्हणाला. पांढरा शर्ट, खिशात तीन रंगांचे मार्कर. “मी तीच बोलतो. हप्ता वेळेवर म्हंजे हजेरी. कार्डाची मर्यादा कमी वापरायची म्हंजे शिस्त. खोटं काही शिकवत न्हाई. महिन्यात स्कोअर वाढवून देतो म्हणणारे चोर असतेत. मी वर्ष मागतो.”

“आणि ‘सेटल’?”

“तडजोड. बँकेनं काही माफ केलं, खातं मिटवलं. म्हंजे ग्रेसनं पास. निकालावर खूण राहते, पुढचा साहेब ती बघतो. ‘बंद’ म्हंजे पै न् पै फिटली. मागचे उशीर काही काळ दिसतेत, पण माणूस ताठ मानेनं उभा राहतो.”

“वीरेश कसा आहे?”

“सिन्सियर. पहिला बाक. स्कोअर रोज बघतो, ताप बघावा तसा.”

“प्रश्न विचारतो?”

“एकदाच विचारला. पण असा भारी की मी तो बाकीच्या बॅचला बी सांगतो.” रविकिरण फळ्याकडे वळला, जणू प्रश्न तिथे लिहिलेला होता. “मुख्य कर्जदार मयत झाला, विम्यानं सगळं कर्ज भरलं, तर सहकर्जदाराला ‘सेटल’ लागतं का ‘बंद’?”

“केव्हा विचारलं?”

“आषाढात. एकादशीची सुट्टी द्यायची होती, त्याच्या आदल्या तासाला.”

“त्याची आई केव्हा गेली?”

रविकिरणने खिशातला एक मार्कर काढला आणि परत खोचला.

“श्रावणात,” तो म्हणाला.

“तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“मी फक्त उत्तर दिलं, मॅडम. शिकवणं माझं काम हाय.”

“काय दिलंत?”

“बंद.”

त्याने फडकं उचललं आणि कोरा फळा पुसायला लागला.

“आई गेल्याचा फोन आला तेव्हा तो इथेच होता?”

“हाव. सगळ्यात आधी येऊन बसलेला. मीच पाणी दिलं. म्हणलं, निघ बाबा. तर म्हणला, सर, एवढा मुद्दा पूर्ण करा, मग जातो.”

*

लातूरला परतल्यावर सादिया त्या घरी गेली नाही. तिने आधी फौजदार सोमेश बिडवेंना फोन केला. बिडवेंनी सगळं ऐकून घेतलं.

“डॉक्टरचं सर्टिफिकेट हाय,” ते म्हणाले. “घरचं कुणी संशय घेत न्हाई. तुमच्या लोट्यावर मी कुणाचं दार ठोठावू? आमच्याच समाजातलं घर ते. उद्या मलाच विचारतील. घरच्या एका माणसानं संशय हाय म्हणू द्या. लेखी बी नको, माझ्यासमोर तोंडानं म्हणलं तरी बास. पुढचा हुकूम तहसीलदारांकडून मी आणतो.”

मग तिने स्कूटी काढली. डाळ मिलांच्या धुरळ्यातून, रेल्वे फाटकाच्या पलीकडे, लिंगायत समाजाच्या रुद्रभूमीकडे गेली. आत एक मातीचा उंचवटा नवा होता. त्यावर बेलाची पानं होती, काही वाळलेली, काही त्या दिवशीची. शेजारी वीरेशचे अप्पा, चंद्रप्पा बसले होते. पांढरं धोतर, कमरेला किल्ली.

“अप्पा, मी विम्याची. खोली बघायला आले होते.”

“ठावं हाय. बस.”

ती बसली. “मी उदगीरची. आमच्या भिंतीला भिंत लावून तुमच्यातलंच घर होतं. त्यांची आजी गेली तेव्हा तिला बसवून, सजवून नेलं. मी लहान होते. मला वाटलं, कुठेतरी पाहुणी निघालीय.”

“मग तुला सांगायला नको.”

“उमादेवीही बसलेल्या आहेत?”

“मांडी घालून. डाव्या तळव्यावर लिंग. जन्मभर गळ्यात बांधलं, जाताना तळव्यावर घेतलं.”

“लिंग ठेवायच्या चांदीच्या डबीसकट?”

चंद्रप्पांनी मान वळवली. “वीरेश म्हणला, चांदी कशाला मातीत घालायची. लई हट्ट धरला. मी म्हणलं, तिची हाय, तिच्याबरोबर जाईल.”

“डबी कशी दिसत होती, अप्पा?”

म्हातारा बेलाची पानं उचलून पुन्हा तिथेच ठेवत राहिला.

“खोलीला कुलूप का घातलंत? लोटा का घासू दिला नाहीत?”

त्यांनी कमरेची किल्ली मुठीत धरली. “लेक एकच हाय, बाई.”

“सूनही एकच आहे. शुक्रवारी तिच्या जिवाचा विमा उतरतोय. ठाऊक आहे तुम्हाला?”

त्यांना ठाऊक नव्हतं. हातातलं पान खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

“उद्या घरी ये,” ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ते सगळे पुढच्या खोलीत बसले. चंद्रप्पा पाटावर, भिंतीला टेकून. शिवानी स्वयंपाकघराच्या दारात. बिडवे साध्या कपड्यांत आले होते आणि चहा नको म्हणाले होते. वीरेशने त्यांच्याकडे पाहिलं, मग सादियाकडे.

“दाव्यासाठी पोलीस कशाला, मॅडम?”

“दाव्यासाठी नाही,” सादिया म्हणाली. तिने काळा लोटा मधोमध ठेवला. “हा सोमवारी सकाळी लख्ख होता. तुमच्या बायकोने पाहिलाय. एका रात्रीत काळा झाला, आणि हवा जिथे लागली तेवढाच. धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात ज्या गोळ्या ठेवतात, त्यांतून दमट हवेत वायू सुटतो. त्याला लसणासारखा वास येतो. तो तांबं काळं करतो, चांदी काळी करतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला मारतो. या घरात सोमवारी लसूण नव्हता. वास होता.”

“गोदाम गळत होतं. पोती आत ठेवली. एखादी गोळी राहिली असंल पोत्यात,” वीरेश म्हणाला. “अपघात म्हणा. अपघाताला बी विमा मिळतोय ना?”

“मिळतो. तसं असतं तर तुम्ही पहिल्या दिवशीच मला पोत्यांचं सांगितलं असतं. तुम्ही ती लोक जमायच्या आत हलवलीत. खिडकी तुम्हीच लावलीत. आणि आषाढातच क्लासमध्ये विचारलंत, मुख्य कर्जदार मेला तर मला कोणता शब्द लागेल.”

शिवानीचा हात चौकटीवर गेला.

“क्लासमधे प्रश्न विचारणं गुन्हा हाय का?”

“नाही. मलाही तेवढ्यावर खात्री नव्हती. योगायोग असेल, चुकून राहिलेली गोळी असेल, असंच मी म्हणत होते. पण पहिल्याच दिवशी तुम्ही मला मांजरेतल्या राखेचं सांगितलं होतंत.”

बिडवेंनी झटकन वर पाहिलं. “राख?”

“अग्नी दिला, राख नदीत सोडली, असं मला सांगितलं. कपाळावर भस्म लावून.” सादियाचा आवाज वर गेला नाही. “माझं नाव ऐकून तुम्ही ठरवलंत की या बाईला आपल्यातलं काय कळणार. हिच्या लेखी हिंदू मेला की चिता. वीरेश, आम्हीही माणसं मातीत ठेवतो. माती उकरता येते, हे आम्हालाही कळतं. ज्याला जमिनीतलं काही लपवायचं नाही, तो राखेची गोष्ट रचत नाही. तोवर मला फक्त संशय होता. कुठे शोधायचं ते तुम्ही सांगितलंत.”

वीरेश हसला. ते हसू कुणालाच उद्देशून नव्हतं.

“शोधा की. इतक्या दिवसांत काय उरलं असंल?”

“शरीरात काय उरलंय ते प्रयोगशाळा सांगेल. पण डबी उरलीय. मातीत गंधकाने काळी पडलेली चांदी वेगळी असते आणि या वायूने पडलेली वेगळी. तुम्ही ती काढून घ्यायला बघत होता. सगळ्यांना वाटलं, लोभ आहे.”

बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाक मारत होतं, शिवानीने पुढे होऊन मधलं दार लावून घेतलं.

“आई काय जन्माला पुरणार होती?” वीरेश एकदम म्हणाला. आता तो बापाशी बोलत होता, हिशेब समजावून सांगावा तसा. “अप्पा, आजारीच होती ती. तिच्या नावानं हप्ते थकले की डाग मला लागत होता. घर गेलं असतं. दुकान गेलं असतं. ती माझ्यासाठी उपास करून राहिली होती. उपास करून स्कोअर वाढतोय का? तिला काय तरी करायचंच होतं ना माझ्यासाठी?”

“शिवानीचं?” बिडवेंनी विचारलं. “तिचं काय ठरवलं होतं?”

“तिचं काय. नुसती सही हाय.” तो बायकोकडे वळलासुद्धा नाही. “अन् फौजदार, उगं ताणू नका. मी हितं काय बोललो ते उद्या न्हाई म्हणंन. लोटा म्हंजे पुरावा न्हाई. संशय घरच्यानं घ्यावा लागतोय, मला बी ठावं हाय. हिला अजून अक्कल न्हाई. राहिले अप्पा.” त्याने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “अप्पा कशाला बोलतील? एवढे दिवस बोलले का?”

चंद्रप्पांनी त्या हाताकडे पाहिलं. तो तसाच राहू दिला.

“त्या दिवशी तिला आंघोळ घातली,” ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की बिडवे पुढे सरकले. “डबी हातात घेतली तर काळी. चाळीस वर्षं बघितली, कधी काळी न्हवती. भस्मानं घासली. निघंना. पोती बाहेर चालली होती तवाच. मला तवाच कळलं.”

“अप्पा.”

“मग मी ती तशीच तिच्या हातावर ठेवली. तिच्यापाशी ठेवली म्हंजे मला बोलायला लागणार न्हाई. रोज गेलो. रोज म्हणलं, उद्या बोलू.”

त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून जमिनीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. कमरेची किल्ली सोडली आणि शिवानीच्या दिशेने सरकवली. मग फौजदारांकडे तोंड केलं.

“माझा माझ्या लेकावर संशय हाय,” चंद्रप्पा म्हणाले. “उकरा तिला.”